नजर सुटली

उजवा हात खांद्यापासून जड झाला होता, तरी त्याने तो खाली घेतला नाही. जहाजाच्या ब्रिजबाहेर, सुकाणूच्या खोलीलगतच्या उघड्या सज्जात, कठड्याला पोट टेकून तो उभा होता आणि हाताने समुद्रातली एक जागा दाखवत होता. त्या जागी एक माणूस होता. माणूस म्हणजे काय, लाटेने वर उचललं की दिसणारं काळं डोकं आणि पिवळा सदरा. लाट उतरली की तेही नाही.

नौदलात हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पाण्यातला माणूस ज्याला दिसला, त्याने हात रोखायचा आणि माणूस वर काढेपर्यंत नजर हलवायची नाही. कॅप्टनने हाक मारली तरी मान वळवायची नाही. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. कारण सुटकेला पाठवलेली रबरी बोट पाण्याला इतकी लगटून चालते, की तिच्यातल्यांना पुढच्या लाटेपलीकडचं काही दिसत नाही. ते मागे वळून जहाजाकडे बघतात आणि हात जिकडे असेल तिकडे बोट हाकतात. आणि नजर सुटलीच, तर त्याच क्षणी ओरडायचं, ‘नजर सुटली!’ यात लाज धरायची नाही, हेही शिकवतात. मग लगेच खुणेचा तरंगता दिवा टाकतात, डेकवर वीस-पंचवीस माणसं उभी करतात आणि शोध नव्याने मांडतात.

जहाजावर सगळे त्याला खांब म्हणत. टेहळणीला उभा राहिला की चार-चार तास हा पाय बदलायचा नाही. आचारी तर म्हणायचा, याला दोरी बांधून कपडे वाळत घाला, तेवढाच उपयोग. त्या नावाचा त्याला अभिमान होता, नाही असं नाही.

उलटलेल्या होडीला दोघं मच्छीमार धरून होते. रबरी बोटीने त्यांना आधी उचललं. तिसरा, पिवळ्या सदऱ्याचा, प्रवाहाबरोबर लांब गेला होता. पण पोहत होता, मधूनच हात वर करत होता. हात रोखल्याला अठरा मिनिटं झाली होती आणि बोट आता त्याच्याकडे निघाली होती. आणखी पाच-सात मिनिटांचं काम.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि रेडिओवाला धावत बाहेर आला. हा त्याचा पाच वर्षांचा दोस्त. खांबाच्या बायकोला कालपासून कळा येताहेत, ही बातमी जहाजभर यानेच केली होती.

“अरे खांब्या, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!”

त्याने मान वळवली.

“काय?” म्हणायला लागतो तेवढाच वेळ. तो हसलासुद्धा. मग पुन्हा समोर वळला, तर समोर नुसता समुद्र होता.

एक लाट वर येईपर्यंत तो थांबला. मग दुसरी. हात मघाशी होता तिथेच होता. दिसेल, आत्ता दिसेल. ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि वाटलं, अजून एक लाट बघू, एका लाटेने काय होतंय. पण अशी एकेक लाट गेली तसं ओरडणं अवघड होत गेलं, कारण आता नजर सुटली एवढं सांगून भागणार नव्हतं. कधी सुटली तेही सांगावं लागलं असतं. आणि खांब म्हणवणाऱ्याला ते जिभेवर येईना. खाली रबरी बोट त्याच्या हाताकडे बघत इमानेइतबारे चालली होती.

शेवटी त्याने आरोळी ठोकली तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती. त्यानंतर दिवस मावळेपर्यंत जहाजाने तो सगळा भाग पिंजून काढला. पिवळा सदरा कुठेच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज बंदराच्या वाटेला लागलं होतं. कॅप्टनने भोंग्यावरून सगळ्यांचं कौतुक केलं. दोन जीव वाचले, तिसऱ्यासाठी शर्थ केली, असं म्हणून त्याने खांबाचा मुद्दाम उल्लेख केला आणि शेवटी मुलीबद्दल अभिनंदनही केलं. जेवणघरात टाळ्या पडल्या. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी गळ्यात पडलं. आचाऱ्याने त्याच्या चहात तीन चमचे साखर घातली आणि बापाने आता खांबासारखं उभं राहून चालायचं नाही, लंगोट धुवायला वाकावं लागतं, असा सल्ला दिला. सगळे हसले, तोही हसला. न हसून सांगतो कोणाला.

माणसं पांगल्यावर रेडिओवाला त्याच्यासमोर येऊन बसला.

“घरी काय कळवू? नाव काय ठेवायचं विचारतेय ती. दोनदा निरोप आला.”

“नंतर.”

“नंतर काय? बापाचे चार शब्द तरी...”

“मी वळलो होतो.”

रेडिओवाल्याने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“माहीत आहे मला. मीच वळवलं तुला. रात्रभर तेच डोक्यात आहे. पण हे तुला माहीत आणि मला माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेवढ्या लाटांत तो तसाही टिकला नसता.”

“पोहत होता तो.”

रेडिओवाल्याने खांबाची हात न लावलेली ताटली उचलली, परत खाली ठेवली आणि निघून गेला.

दहाच्या सुमाराला त्याला नकाशांच्या खोलीत बोलावणं आलं. जहाजाचा मार्ग आखणारी अधिकारी वयाने त्याच्याहून लहान होती. माघारी सगळे तिला भूमितीच्या बाई म्हणत, कारण तिच्या कानावर सदैव पेन्सिल खोचलेली असायची आणि मिनिटभराचा उशीरही तिच्या वहीत सापडायचा. तिने कालचा नकाशा टेबलावर पसरला होता. जहाजाच्या खुणेपासून पेन्सिलच्या रेघा निघाल्या होत्या.

“दर मिनिटाला तुमच्या हाताची दिशा नोंदवली जात होती,” ती म्हणाली. “जहाज थांबलेलं, माणूस वाहत चाललेला. म्हणून या रेघा अशा एकेक करत उजवीकडे सरकतात. अठरापर्यंत.”

“हो, मॅडम.”

“मग या चार.”

त्या चार रेघा एकमेकींवर बसून एकच जाड रेघ झाली होती. तिने त्यावरून पेन्सिल फिरवली नाही, बोट ठेवलं नाही. त्याने मात्र ती रेघ इतका वेळ पाहिली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसतं पाहण्यामुळे आलं नव्हतं.

“वाहता माणूस चार मिनिटं एका जागी थांबत नाही,” ती म्हणाली. “हे मलाही कालच, तिथल्या तिथे दिसायला हवं होतं. नोंदी माझ्यासमोरच होत होत्या. ती माझी चूक, ती मी लिहिते आहे. कॅप्टनसाहेबांना अजून काही बोललेले नाही. अहवाल बारा वाजता जातो. तुमचं निवेदन तुम्ही लिहा. मी तुमच्या तोंडात शब्द घालणार नाही.”

तो डेकखालच्या आपल्या बिछान्यावर बसून लिहायला लागला. पहिल्या कागदावर ‘सहकाऱ्याने हाक मारल्यामुळे’ असं लिहिलं आणि तो कागद फाडला. दुसऱ्यावर फक्त, मी मान वळवली, असं लिहिलं. नजर सुटली तरी सांगितलं नाही. चार मिनिटं खोटा हात रोखून धरला. बोट त्यामुळे चुकीच्या दिशेने गेली. सही केली, कागदाची घडी खिशात घातली आणि घड्याळ पाहिलं. अजून तास होता.

पिवळ्या सदऱ्याचा बाप जहाजावरच होता. वाचलेल्या दोघांतला म्हातारा तो बाप, दुसरा त्याच्या होडीवरचा गडी. खांबाने ठरवलं की हे त्या माणसाच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जायला नको. आपण सांगायचं, समोर उभं राहून. तो काय वाटेल ते करो, थोबाडीत मारो. मारली तर बरंच होईल, असंही त्याला वाटलं.

दवाखान्याच्या खोलीत गडी औषधाच्या गुंगीत झोपला होता. म्हातारा पलंगाच्या कडेला बसून होता. अंगात नौदलाने दिलेला सदरा होता; बाह्या इतक्या लांब की हात बोटांपर्यंत झाकले गेले होते. शेजारचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

“तुम्हीच ना ते?” म्हाताऱ्याने विचारलं. “वर हात धरून उभे होतात ते?”

“हो.”

“खालून फार उंच दिसत होतात. बसा.” खांब बसला नाही तसा तो पुढे म्हणाला, “आचारी सांगत होते, मुलगी झाली तुम्हाला. सुखाची होऊ दे. औक्षवंत होऊ दे.”

“बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांगा. पण आधी मला एक विचारू द्या, साहेब. कालपासून डोळ्याला डोळा नाही. कुणाला विचारावं तेही कळेना. मग म्हटलं, ज्यांनी हात धरला होता त्यांनाच विचारावं.”

खांब थांबला.

“त्या रबरी बोटीत मी पुढे बसलो होतो,” म्हातारा म्हणाला. “तुमचा हात डाव्या अंगाला होता, आम्ही तिकडेच चाललो होतो. आणि मला उजवीकडे पिवळं काहीतरी दिसलं. एकदाच. लांब होतं. त्या बोटीवरच्या पोरांना सांगणार होतो मी, अगदी ओठांवर आलं होतं. मग वर बघितलं, तर तुमचा हात कसा, अगदी न हलता. म्हटलं, ते उंचावर आहेत, त्यांना सगळं दिसतंय, त्यांचं कामच हे. आपल्या डोळ्यांत मोतीबिंदू. उगाच आपण मध्ये बोलायचं आणि पोराचा उशीर करायचा. म्हणून गप्प बसलो.”

त्याने बाहीतून हात बाहेर काढले, मांडीवर ठेवले आणि परत आत घेतले.

“चाळीस वर्षं समुद्रात गेली माझी. कधी कुणाचं ऐकून गप्प बसलो नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. आणि नेमका कालच...” तो थांबला. मग त्याने मान वर करून सरळ खांबाकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांवर पांढुरका पडदा होता. “उजवीकडे काही नव्हतं ना, साहेब? तुमची नजर होती म्हणून विचारतो. तुम्ही सांगाल ते मी मानेन.”

खांबाचा हात खिशावर गेला होता. जिन्यावरून उतरताना त्याने सगळं जुळवलं होतं, पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. ते आता बोललं, तर आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल आणि या माणसाच्या छातीवर जाऊन बसेल, जन्मभरासाठी. आणि न बोललं, तर हा माणूस आपले आभार मानत घरी जाईल. त्याला स्वतःची किळस आली. पलंगाचा लोखंडी दांडा धरून तो खाली बसला.

“काही नव्हतं, बाबा,” तो म्हणाला. “उन्हाची चकाकी असेल. काल फार होती.”

“तुम्ही बघत होता?”

“बघत होतो.”

“सारखं?”

“सारखं. एकदाही नजर काढली नाही.”

म्हाताऱ्याने दोनदा मान हलवली, पाय पलंगावर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तुम्हाला काय सांगायचं होतं, हे विचारायचं तो विसरून गेला. थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. खांबाने पायथ्याचं पांघरूण त्याच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि बारा वाजायला दहा कमी असेपर्यंत तिथेच बसून राहिला.

नकाशांच्या खोलीत अधिकारी बाईंनी त्याचं निवेदन एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“सगळं लिहिलंत.”

“हो, मॅडम.”

“याची चौकशी होईल, हे माहीत आहे ना? नोकरीवरही बेतू शकतं.”

“माहीत आहे.”

तिने तो कागद बाकीच्या कागदांत लावला. तो जायला वळला नाही.

“मॅडम, हा अहवाल घरच्यांकडे जातो का? म्हणजे, त्या माणसाच्या बापाकडे?”

“आपण होऊन पाठवत नाहीत. मागितला तर द्यावा लागतो.” तिने पेन्सिल कानावर ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. “का? मागतील असं वाटतं तुम्हाला?”

“नाही,” तो म्हणाला. “त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.”