राधाच्या घराकडची वाट

"हे ढीग काकूंनीच रचलेले असणार," राकेश म्हणाला आणि लगेच त्याने आवाज खाली आणला. "सॉरी काका. पण दुसरं कोण रचणार?"

समोर गुडघ्याएवढा दगडांचा ढीग होता. खाली तीन मोठे दगड, त्यावर दोन, सगळ्यात वर एक चपटा. धुकं इतकं होतं की त्याच्या पुढचा ढीग नुसता अंधुक दिसत होता. मॉरीन हातमोजे चढवत उभी होती. या माळावरच्या पायवाटा सांभाळणाऱ्या मंडळाचं सगळं काम ही सत्तरीची बाई बघते. तिला मराठी कळत नाही, पण सगळे माझ्याकडे बघतायत एवढं तिला कळलं असावं.

मी, साठीला आलेला माणूस, जन्मभर दुसऱ्यांना खरं बोला म्हणून उपदेश करणारा, आणि मेलेल्या बायकोच्या नावावर खपतंय तर खपू दे म्हणून तोंड मिटून उभा राहिलो.

मी गुणवंत मेश्राम. मूळचा नागपूरचा, चौदा वर्षं कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, निर्जंतुक करून, मोजून ट्रेमध्ये लावायचं माझं काम. चौदा वर्षांत माझ्या ट्रेमधून एक चिमटा कमी निघालेला नाही आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. बायको राधा म्हणायची, "घरी पाहुणे आले की चहाच्या आधी यांचा चिमटा येते."

शहरापासून पाऊण तासावर समुद्राकाठी हा माळ आहे. इथले लोक त्याला बॅरन्स म्हणतात. झाड म्हणून नाही, नुसते हत्तीएवढे धोंडे, गुडघ्याखालची झुडपं आणि मधेमधे दलदल. ऑक्टोबरात ब्लूबेरीची पानं लाल होतात आणि सगळा माळ पेटल्यासारखा दिसतो. महिन्यातल्या एका रविवारी मराठी कुटुंबांना घेऊन मी इथे फेरी काढतो. दीड तासाची सोपी वाट, चार वर्षांच्या पोरापासून इंडियातून आलेल्या सासूबाईंपर्यंत कुणालाही जमेल अशी. नियम एकच, आणि तो मी प्रत्येक वेळी पार्किंगमध्ये मोठ्याने सांगतो: धुकं आलं तर घाबरायचं नाही, मंडळाने रचलेले दगडांचे ढीग बघत एकेक पुढे जायचं. ढीग आहे तिथे वाट आहे.

मागच्या रविवारी माझी ड्यूटी होती, म्हणून फेरी राकेशने नेली. परतताना धुकं आलं. राकेश, त्याची बायको अवंतिका आणि सहा वर्षांची गौरांगी थोडे मागे राहिले होते. त्यांनी नियम पाळला. ढीग दिसला, त्याच्या पुढे दुसरा दिसला, तिसरा दिसला, आणि पाचव्यानंतर गौरांगी कमरेपर्यंत दलदलीत गेली. तिला ओढून काढलं, पण परत फिरायला वाट सापडेना. दोन तास तिघं एका धोंड्याला टेकून बसली होती. मॉरीनची माणसं शिट्ट्या मारत पोचली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी मॉरीनचा फोन आला. जास्तीचे ढीग तुमच्या ग्रुपने केलेत असं दिसतं, या रविवारी येऊन काढून टाका. शब्द साधे होते, पण माझे कान गरम झाले.

दगड रचायची सुरुवात राधाने केली हे खरं. आमच्याकडे गडावर देवदर्शनाला जाणाऱ्या बाया वाटेत दगडावर दगड रचतात. जितके दगड तितक्या मजल्यांचं घर मिळतं म्हणे. आम्ही बौद्ध, नवस-सायास सोडून दोन पिढ्या झाल्या. तिने इथे पहिल्यांदा तीन दगड रचले तेव्हा मी तिला फेरीतल्या सगळ्यांसमोर झापलं.

"बाबासाहेबांच्या लेकरांनी हे करायचं? मग तिकडेच राहायचं होतं ना!"

"नवस कोन करून राहिलं?" ती म्हणाली. "मी नकाशा काढून राहिली. तुमी तर काही घर घेत नाही. मले निदान पाहू तर द्या."

आणि तिने खरंच नकाशा काढला. मुख्य वाटेपासून आत, दलदलीच्या अलीकडे, अंगणाएवढा सपाट खडक आहे. त्यावर तिने मुठीएवढ्या दगडांच्या ओळी मांडल्या. हा हॉल, हे किचन, ही आमच्या लेकीची, दीपाची खोली. दाराच्या जागी एक लांबट चपटा दगड, तो उंबरा. दर फेरीला एखादी भिंत वाढायची. दगडांवर चढलेली करडी पापुद्री दाखवून म्हणायची, "हे दगडफूलच आहे हो, मसाल्यात घालून पाहू का?" मी नको म्हणायचो. मी बहुतेक गोष्टींना नकोच म्हणायचो. घराचंही तसंच. दीपाचं कॉलेज होऊ दे, मग दीपाचं लग्न होऊ दे, मग व्याजदर उतरू दे. दीपा लांब वॉन शहरात स्वतःच्या घरात राहायला गेली तरी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्येच. राधा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही, दगड मांडत राहिली.

मी त्या खडकावर डबा घेऊन बसायला गेलो की ती ओरडायची, "बूट काढा आधी! घरात येऊन राहिले तुमी."

मी हसायचो आणि बुटांसकट तिच्या हॉलमध्ये बसायचो. एकदाही काढले नाहीत.

फेब्रुवारीत ती गेली. सकाळी बसस्टॉपवर बर्फात बसली ती उठलीच नाही. हार्ट.

मे महिन्यात वाट मोकळी झाली आणि मी एकटाच तिच्या खडकावर गेलो. भिंती जागच्या जागी होत्या. मग ज्या रविवारी फेरी नसेल त्या रविवारीही जायला लागलो. मुख्य वाटेवरून आत वळायची जागा मला सापडायची नाही, सगळे धोंडे सारखेच. म्हणून एक ढीग रचला. पुढच्या वेळी त्याच्या पुढे दुसरा. आणि खरं सांगायचं तर नुसत्या खुणेसाठी रचले नाहीत. तिचे दगड बोटभर उंचीचे. मला वाटलं, एवढ्याशा घरात कोण मावणार, आपण मोठं मागू. उशिरा का होईना. ज्या माणसाने बायकोला चारचौघांत झापलं तो माणूस पाच रविवार घाम गाळून दगडावर दगड चढवत होता. कुणी बघत नाही ना, हेही तपासत होता.

चिमटे मोजणाऱ्याला हे सुचलं नाही की आपण वाट आखतोय, आणि ती वाट दलदलीकडे जाते.

"आम्ही पण दोन छोटे केले होते," कॉलेजात शिकणारी अक्षता म्हणाली. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, निमिषचा, पीआरचा म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज अडकलाय. "काकूंचं बघून. पण ऑनेस्टली, एवढे मोठे नाही."

"जाऊ दे," राकेश म्हणाला. "काकूंना काय माहीत असं होईल म्हणून. त्या आता नाहीत, त्यांना कशाला ब्लेम करायचं? काढून टाकू आणि विषय संपवू."

तो मनाने चांगला मुलगा आहे.  पण अवंतिकेने गौरांगीचा हात घट्ट धरला होता. राधाने याच पोरीला आठवण ठेवून बिनतिखटाच्या पुऱ्या आणलेल्या आहेत, आणि आता तिच्या आईच्या मनात राधा म्हणजे चिखल राहणार होता.

"हे राधाने नाही रचले," मी म्हणालो. "मी रचले. पाचही."

"काका, तुम्ही?" निमिष म्हणाला.

"मीच. या उन्हाळ्यात. तिच्याकडे जायची वाट सापडावी म्हणून."

मॉरीनलाही इंग्रजीत सांगितलं. तिने मान हलवली.

"तुम्हीच सांगितलं होतं, ढीग आहे तिथे वाट आहे," अवंतिका म्हणाली. "माझी मुलगी कमरेपर्यंत आत गेली होती काका. ती मला सारखी विचारत होती, मम्मा, आर वी गोइंग टू डाय?"

"हो," मी म्हणालो. माफी मागितली. माफीला वजन नसतं, हे मागताना कळतं.

मग कामाला लागलो. राकेश दगड द्यायचा, मी ठेवायचो. मॉरीनने शिकवलं, दगड कसाही फेकायचा नाही, पापुद्रीची बाजू वर करून ठेवायचा, म्हणजे ती जगते. पाच ढीग गेले. पाचव्यानंतर सपाट खडक आला आणि राधाचं घर दिसलं. भिंती, किचन, दीपाची खोली. हॉलच्या कोपऱ्यात ते पहिले तीन दगड अजून एकमेकांवर.

गौरांगी म्हणाली, "इट्स अ लिटल हाउस!"

सगळे थांबले. मॉरीन जवळ येऊन हळू म्हणाली की हे वाटेवर नाही, उंचही नाही, कुणी चुकणार नाही. तुला हवं तर राहू दे.

"राहू द्या ना काका," अवंतिका म्हणाली. हे तिने म्हणावं!

फार मोह झाला. पण मी हेच बघून पाच ढीग रचले होते. अक्षता-निमिषनेही हेच बघून रचले. उद्या आणखी कुणी रचेल, आणि आणखी कुणाची पोर धुक्यात त्यांच्यामागे जाईल. राधाला हे चाललं नसतं. पोरांच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक होती.

"नाही," मी म्हणालो. "हे मी काढतो. एकटा."

ते थोडे मागे सरकले. मी खडकापाशी गेलो, उंबऱ्याच्या अलीकडे खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो. बोटं गारठली होती, गाठ सुटता सुटेना. राकेश पुढे आला, पण अवंतिकेने त्याला मागे ओढलं.

बूट काढून मी उंबऱ्याबाहेर जोडीने ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी आत गेलो. खडक बर्फासारखा गार होता. मग कोपऱ्यातल्या तीन दगडांपैकी वरचा उचलला.