भरलेल्या बाटल्या

बिदरबाहेरच्या त्या लहानशा लष्करी इस्पितळात आज तपासणी होती. वॉर्डमास्तर सुभेदार नागेंद्रने पहाटेपासून सगळ्यांना नुसतं धारेवर धरलं होतं. आठ खाटा आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी हात निर्जंतुक करायची एकेक बाटली. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या, लेबलं एका दिशेला. परेडला उभ्या केल्या म्हणा ना!

कॅप्टन पंचशीला मात्र वाकून एकेक बाटली निरखत होती. जंतुसंसर्ग रोखायचं काम तिचं. पंधरा दिवसांपूर्वी तिने प्रत्येक बाटलीवर पेनाने रेघ मारली होती. रेघेखाली थेंबभरही उतरलं नव्हतं, म्हणजे कुणी हात साफ करतच नव्हतं. तिने लेखी कळवलं, तर वरून शेरा आला : बाटल्या भरलेल्या, समाधानकारक. कपाळ! तोवर पहिल्या आणि दुसऱ्या खाटेवरच्या जवानांच्या जखमा चिघळल्या. तिसऱ्या खाटेवर औरादचा शिवकुमार होता, मांडीत सळई घातलेला. तोच जंतू तिथे शिरला, तर पाय वाचेल असं डॉक्टरही सांगेनात.

"काळजी कामून करायलात मॅडम?" नागेंद्र म्हणाला. "एक बी बाटली कमी न्हाई."

"त्येचीच तर काळजी हाय," मूळची जवळच्याच कमठाणे गावची पंचशीला पुटपुटली.

नातेवाइकांना बाहेर काढलं होतं. शिवकुमारची आई सिद्धम्मा मात्र हलली नाही. तपासणीला ब्रिगेडियर साहेब आले. माणूस मायाळू. पहिल्या जवानाच्या ओलसर पट्टीवरून त्यांनी हात फिरवला. दुसऱ्याचा सुजलेला पाय थोपटला. मागे कर्नल, डॉक्टर, सगळे हात बांधून उभे. पंचशीला एक पाऊल पुढे सरकली. आता बोललं तर नोकरीची माती होईल, नाही बोललं तर त्या पोराच्या पायाची. साहेबांचा हात शिवकुमारच्या मांडीकडे निघाला.

"सर, हात!"

ती ओरडलीच. साहेबांचा हात हवेतच थांबला.

साहेबांनी आपल्या पंजाकडे पाहिलं आणि मुकाट्याने खाटेच्या पायथ्याची बाटली दाबली. काही आलं नाही. शेजारची दाबली, तीही ठप्प. दाबायची टोपणं कारखान्यातून आली तशीच घट्ट बंद, कधी पिळून उघडलेलीच नव्हती. नागेंद्रचा चेहरा उतरला. पंचशीलालाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची बाटली खिशात घेऊन फिरणाऱ्या तिने तरी कुठे कधी दाबून पाहिलं होतं?

सिद्धम्माने उशीखालून एक चिकट, तळाला गेलेली बाटली काढली. पहिल्या दिवशी पंचशीलानेच तिला ती दिली होती.

"ह्येतलं घ्या अप्पा. ह्या पोरीनं सांगितल्यापासून म्या कुणालाच तसा हात लावू देत न्हाई."

साहेबांनी तीर्थ घ्यावं तशी ओंजळ पुढे केली. मग कर्नलनी, डॉक्टरांनी, शेवटी नागेंद्रने. बाटली संपली. सिद्धम्माने ती उलटी करून पाहिली आणि पंचशीलापुढे धरली.

"सरली. दुसरी दे माय. आजून लई दिस काढायचेत."

पंचशीलाने पायथ्याची बाटली उचलली आणि टोपण पिळलं. ते कटकन उघडलं.