एका नंबरावरच्या दोघी

मी अंगठ्याची मशीन. मन्नाएखेळ्ळीजवळच्या एका डाळमिलमध्ये, कचेरीच्या दाराला लागून सात वर्षं भिंतीवर आहे. खोक्यातून काढल्यावर पहिला अंगठा ठेवला तो मालकांनी, संगमेश अण्णांनी. मग ओळीनं सगळ्यांनी. अंगठा पटला की पडद्यावर नाव दाखवायचं, आल्या-गेल्याची वेळ नोंदवायची, एवढंच माझं काम. माझ्या काचेवर तुरीची धूळ बसते. येता-जाता कुणीतरी बाही फिरवतं.

मैत्रेयी इथं डाळ तपासायची. पोत्यातून मूठभर काढून ओलावा बघायचा, खडे वेचायचे, चिठ्ठीवर सही करायची. लेकरू अंगणवाडीत जाऊ लागलं, तशी ती अण्णांसमोर उभी राहिली.

"अण्णा, दिवसभर जमंना झालंय. लेकरू दुपारी अंगणवाडीतून येतंय. सकाळचं तेवढं करते."

"अर्धा दिवस ह्या मशीनला कळत न्हाई, मैत्रेयी. आठ तास भरले न्हाईत की गैरहजर दावतीय."

खरं होतं ते. माझ्यात तसंच भरलेलं होतं.

काम शोधणाऱ्या मल्लेश्वरी अक्कांचं उलटं. सासू अंथरुणाला खिळलेली. सकाळ तिच्या अंघोळीत नि औषधात जायची. दुपारनंतर त्या मोकळ्या. अण्णांनी तोड काढली : काम एक, नंबर एक, अंगठे दोन. सकाळी येताना मैत्रेयीनं ठेवायचा, संध्याकाळी जाताना अक्कांनी. माझ्या लेखी एकच बाई सकाळी येई नि संध्याकाळी जाई.

अक्कांनी अंगठा ठेवला की पडद्यावर 'मैत्रेयी' दिसे. अक्का हसायच्या. "लग्नात न्हाई बदललं माझं नाव, ते हितं बदललं बघा."

दोन वर्षं असं चाललं. मग मिलनं जुन्या माणसांना कायम करायचं ठरवलं. पत्रं माझ्यातल्या यादीवरून निघाली. मैत्रेयीचं निघालं, अक्कांचं नाही. कायम झालं की दवाखान्याचं कार्ड मिळणार होतं. मैत्रेयीच्या लेकराला दमा होता.

तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि अण्णांच्या टेबलावर परत ठेवलं.

"अण्णा, दुपारच्या चिठ्ठ्यांवर सही कुणाची हाय?"

"घे गं बाई," अक्का म्हणाल्या. "माझ्यापायी कामून घालवायलीस? लेकराकडं बघ."

"लेकराकडंच बघायलेय अक्का. तुमी दुपारी येता म्हनून बघता येतंय."

अण्णा म्हणाले, "अर्ध्या दिवसाच्या माणसाला कायम केलेलं म्या कुठं ऐकलं न्हाई."

"आजवर कुणी मागितलं होतं का?" मैत्रेयीनं विचारलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी माझ्यात चार तासांची हजेरी भरून घेतली आणि नवा नंबर उघडला. खडे वेचून अक्कांचा अंगठा गुळगुळीत झालेला. तीनदा मला रेषाच सापडेनात. चौथ्यांदा त्यांनी तो पदराला पुसून ठेवला. 'मल्लेश्वरी' उमटलं. अक्का हसल्या नाहीत. नाव विझेपर्यंत बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात पत्रं आली, दोन.

आता चरे पडून माझी काच धूसर झालीय. सोमवारी चेहरा ओळखणारी नवी मशीन येणार आहे. तक्रार नाही. फक्त मला काढाल तेव्हा आतली नावं नीट उतरवून घ्या. त्यात पिराजी हमाल आहेत; ते जाऊन वर्ष झालं, पण पुसायला कुणाचा हात धजला नाही. आणि एका कामापुढं दोन नावं दिसतील. चूक समजून त्यातलं एक पुसू नका.