वहिनींच्या पायाचं माप

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. माझं बोलणं खरं मानणारी गावात एकच म्हैस होती, तीही गेल्या साली विकली. तरी ऐका.

त्या दुपारी आम्ही खळ्यालगतच्या छपरात मका सोलत बसलो होतो. ऊन असं की कोंबड्या एका पायावर उभ्या राहून दुसरा गार करून घेत होत्या. कणसांचा ढीग आढ्याला टेकलेला. त्याच्या पलीकडे बसलेला गिरणीवाला मला ऐकू येत होता, दिसत नव्हता. शेजारी माझी पुतणी होती, समोर दोन शेजारणी, आणि मागे भिंतीला टेकून वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, या पुतणीची आई. दादा जाऊन चार वर्षं झाली. वहिनींनी मांडीवरची टोपली तशीच ठेवून डोळे मिटले होते. पायांवर गोणपाट ओढलेलं होतं.

पुतणीने शहरातून नवे जोडे आणले होते. टोकदार, चकचकीत. ते काढून ती करंगळी चोळत बसली होती.

"काका, तुम्ही जन्मभर जोडे शिवलेत. सांगा, हे सैल होतील ना?"

माझ्या हातातलं कणीस हातातच राहिलं. हाच प्रश्न एका बाईने मला तीस वर्षांपूर्वी विचारला होता आणि मी छाती पुढे काढून उत्तर दिलं होतं. मी मागे वळून बघितलं. वहिनींचा श्वास संथ चालला होता. त्या जाग्या असत्या तर मी मक्याच्या कणसाबद्दल काहीतरी बोलून विषय बदलला असता.

"जोडा सैल होत नाही," मी म्हटलं, "पाय अरुंद होतो. तुझ्या आईचं काय झालं ते सांगतो. पण मध्ये कुणी बोलायचं नाही."

"म्हणजे आज थापांचा बाजार भरणार," ढिगापलीकडून गिरणीवाला म्हणाला. "भरू द्या. हात चालू ठेवून ऐकतो."

मग मी सुरुवात केली.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या पायांसारखे पाय अख्ख्या पंचक्रोशीत नव्हते. पुढे रुंद, मागे निमुळते. बोटं हाताच्या बोटांसारखी सुटी, आणि अंगठा असा वेगळा, जणू भावंडांशी भांडून बाजूला जाऊन बसलाय. दोन्ही हातांत दुधाची भांडी असली की गोठ्याची कडी त्या पायानेच लावायच्या. सांडलेली मोहरी पायाच्या बोटांनी वेचायच्या आणि वेचता वेचता खडे वेगळे काढायच्या. एकदा गवतात साप पायाखाली आला. वहिनींनी त्याला अंगठ्या-बोटाच्या चिमटीत धरून बांधापलीकडे ठेवला आणि पुढे कापणीला लागल्या.

"साप काही बोलला का?" गिरणीवाल्याने विचारलं.

"नाही. तो तुझ्यासारखा मध्ये तोंड घालणारा नव्हता."

शेजारणी हसल्या. मला तेच हवं होतं. माणसं हसत असली की पुढचं सांगणं जरा सोपं जातं.

कारण पुढचं खरं होतं. पाऊस होऊन गेला की सगळ्या गावाला पेरणीची घाई सुटायची. दादा मात्र आधी वहिनींना रानात घेऊन जायचा. त्या अनवाणी सरीत उभ्या राहायच्या, टाच रोवायच्या, बोटं मातीत फिरवायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. "अजून दोन दिवस," म्हणायच्या. "वर सुकलंय, खाली गार आहे, धरून ठेवतेय." दोन दिवस म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वाफसा असा यायचा की मुठीत घेतलेली माती उघडल्यावर आपली आपण मोकळी व्हायची. आमचे बैल बाहेर पडलेले दिसले की मग आजूबाजूच्या रानांत बैल जुंपले जायचे.

अशा घरात मी तीन वर्षांनी शहरातून जोडे शिवायचं काम शिकून परत आलो. सोबत उस्तादाने दिलेलं कलबूत होतं. जोडा ज्याच्यावर चढवून शिवतात तो लाकडी पाय म्हणजे कलबूत. गुळगुळीत, नाजूक, पुढे टोकदार. मी ते उशाशी घेऊन झोपायचो. पहिला जोडा वहिनींना शिवायचा हे ठरलेलंच होतं. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं होतं.

माप घ्यायला गेलो आणि पाय कलबुताशी जुळेना. दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर. शहाण्या माणसाने कलबुताला लाकडाच्या चकत्या ठोकून ते रुंद केलं असतं. मला वाटलं, उस्तादाचं कलबूत चुकेल कसं? चुकलाय तो पाय. नांगराच्या ढेकळांत फिरून पसरलाय. मी कलबुताच्याच मापाने जोडा शिवला, वर दोन बोटांची टाच लावली.

वहिनींनी पाय घातला तेव्हा त्यांचं तोंड असं झालं, जसं गरम घास तोंडात घेतलाय आणि समोर पाहुणे बसलेत.

"भावजी, हा सैल होईल ना?"

"चामडं आहे, वहिनी. आठ दिवसांत होईल."

"घरात घालू की रानातही घालू?"

इथे मी ते वाक्य बोललो. म्हणालो, "आता अनवाणी फिरलात तर लोक काय म्हणतील? जोडेवाल्याच्या घरची बाई अनवाणी? तुमचे पाय म्हणजे माझ्या दुकानाची पाटी आहे."

पाटी झाली. बायका विहिरीवर त्यांचे पाय बघायच्या आणि माझ्याकडे यायच्या. माझं दुकान वहिनींच्या पायांवर उभं राहिलं. एक जोडा झिजला की मी दुसरा शिवायचो, त्याच कलबुतावर. वहिनींनी एकदाही नाही म्हटलं नाही. पंधरा-वीस वर्षं अशी गेली.

"एवढी वर्षं?" पुतणी म्हणाली. "मला वाटायचं आईचे पाय आधीपासूनच तसे आहेत."

"तू लहान होतीस."

एका साली पाऊस लवकर झाला. दादा वहिनींना रानात घेऊन गेला. त्यांनी जोडे काढले, सरीत उभ्या राहिल्या, डोळे मिटले. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पेरा." दादाने पेरलं. खाली अजून फार ओल होती. वरून ऊन पडलं, जमिनीवर भाकरीच्या पापुद्र्यासारखं कवच धरलं, आणि बी खालच्या खाली कुजलं. दुबार पेरणी करावी लागली. ती झाली त्या संध्याकाळी जेवताना वहिनी आपणच म्हणाल्या, "वय झालं. तळवा निबर झाला माझा. यापुढे मला विचारू नका."

त्याच सकाळी मी त्यांना विहिरीवर पाय धुताना बघितलं होतं. अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला, मुळाशी सुपारीएवढी गाठ, करंगळी खाली दबून चपटी. तळवा निबर झालेला नव्हता. त्याला मुकं केलं होतं, आणि कुणी केलं होतं ते मला माहीत होतं. मी काय केलं? भाजी आणखी वाढून घेतली.

छपरात कुणी हसलं नाही. गिरणीवाल्याचे हातही थांबल्यासारखे वाटले. म्हणून मी घाईने चोळणारणीला आणलं.

पलीकडच्या गावात एक चोळणारीण होती. बाळंतिणींची, ओझी वाहणाऱ्या गड्यांची अंगं चोळायची. तिचे अंगठे असे की तिने एकदा वाकडी बैलगाडी चोळून सरळ केली होती.

"चाकं कुरकुरायची थांबली?" गिरणीवाला पुन्हा सुरू झाला. मला हायसं वाटलं.

"तेल पाजलं तेव्हा थांबली."

वहिनींची कंबर धरली म्हणून दादाने तिला बोलावलं होतं. तिने कंबरेवर हात ठेवला, मग गुडघ्यावर, मग पोटरी दाबली आणि शेवटी पाऊल मांडीवर घेऊन बसली. "दुखणं वर राहतं, पण ते खालून चढून आलंय," ती म्हणाली. "बाई, एका पावलात सव्वीस हाडं असतात. तुझी सगळी एका कोपऱ्यात ढकललीत, मेंढरं कोंडावीत तशी. हे जोडे कुणी शिवले?"

मी दारात उभा होतो. हातात रापी होती, चामडं कापायची. दादाने माझ्याकडे बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "बाजारातून घेतले होते."

आयुष्यभर मी थापा मारल्या, पण एवढी साधी आणि एवढी जड थाप मला कधी मारता आली नाही.

चोळणारीण पंधरा दिवस येत होती. एकेक बोट धरून हलकं ओढायची, मुळाशी गोल फिरवायची. चवड्याखाली अंगठा रोवून टाचेपर्यंत खेचत न्यायची, तेव्हा वहिनी पदर तोंडात धरायच्या. बोटांच्या मध्ये चिंधीचे बोळे ठेवायला लावायची. तळव्याखाली दाणे काढलेल्या कणसाचं बुरखुंड घेऊन ते पुढेमागे लाटायला लावायची. सकाळी नांगरलेल्या रानात शंभर पावलं अनवाणी, सावकाश. "टाच आपटू नको. पाय जमिनीवर ठेव, झोपलेलं मूल ठेवतात तसा." कमरेचा पीळ जरा सुटला. पण गाठ तशीच राहिली.

शेवटच्या दिवशी जाताना ती फाटकापाशी माझ्याजवळ थांबली. "बाजार कुठे भरतो ते कळलं मला," म्हणाली. "ऐक. बैलाला घाण्याला जुंपताना झापडं बांधतात. तू त्या बाईच्या पायांना बांधलीस. आता अनवाणी सगळीकडे चालणं तिला जमायचं नाही, कातडी पातळ झालीय. तिला जोडा दे, पण असा दे की पायात आहे हे तिला कळू नये. पातळ तळ, टाच नको, पुढे बोटं पसरतील एवढी जागा. आणि पाय जसा आहे तसा मापू नकोस, जसा होता तसा माप."

मी तिला फाटकातून परत घरात आणलं आणि फळीवर चाळलेली राख पसरली. वहिनी तिच्यावर उभ्या राहिल्या. चोळणारीण खाली बसून त्यांची बोटं हाताने फाकवून धरत होती आणि मी कोळशाने कडेकडेने रेघ ओढत होतो. तोल जाऊ नये म्हणून वहिनींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

"कधी होईल, भावजी?"

"आठ दिवसांत," मी म्हटलं.

आठ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. एकाच पातळ कातड्याचा तळ, गुंडाळून खिशात घालता येईल इतका मऊ. पुढचा भाग फावड्यासारखा रुंद. दिसायला असा बेढब की शहरातल्या उस्तादाने माझ्या पाठीत कलबूत घातलं असतं. पण हात आत घातला की पाचही बोटं सुटी राहायची.

"मग?" पुतणीने विचारलं.

"मग काय. नवव्या दिवशी सकाळी वहिनींच्या पुढ्यात जाऊन बसलो. माझ्या हाताने जोडे पायात घातले. म्हटलं, वहिनी, तुमचा पाय बरोबर होता. माझं कलबूत चुकलं."

पुतणी माझ्याकडे बघत राहिली. "काका, तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणालो."

"तुम्ही? भाजीत मीठ तुम्ही टाकता आणि खारट झाली की मांजराचं नाव घेता."

"त्या दिवशी मांजर घरात नव्हतं."

सगळे हसले, आणि ते हसताहेत तोवर मी पुढे पळालो. सांगितलं की वहिनी उठल्या, दोन पावलं टाकली, चार टाकली, आणि तेवढ्यात गिरणीवाल्याच्या आजोबांचा मारका बैल दावं तोडून सुटला. गावातले गडी झाडांवर चढले. वहिनी त्या जोड्यांत धावल्या. ओढा एका ढांगेत ओलांडला. बैल मागे पडला. त्याला वाईट वाटू नये म्हणून त्या टेकडीवर त्याची वाट बघत थांबल्या, मग त्याचं शिंग धरून त्याला घरी घेऊन आल्या. येताना वाटेत पायाने माती चाचपली आणि पाच रानांचा वाफसा सांगितला.

"आमच्या आजोबांकडे बैलच नव्हता," गिरणीवाला म्हणाला.

"त्या दिवसानंतर नव्हता. लाजेने गाव सोडून गेला."

शेजारणी हसून हसून कणसांवर रेलल्या. पुतणीही हसली. गिरणीवाल्याने ढिगापलीकडून माझ्याकडे एक कणीस फेकलं. मला वाटलं, चला, सांगून झालं. सगळं सांगितलं आणि सुटलोही.

"भावजी."

मागून आवाज आला. वहिनींचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"बैलाच्या पुढे धावले असेन मी. तुम्ही सांगताय म्हणजे धावले असेन, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." त्यांनी गोणपाटाखाली पाय जरा आखडून घेतले. "पण राखेत उभं करून माप घेतलंत त्याला नऊ वर्षं झाली. मी काही विचारलं नाही, म्हटलं आणतील, बोलायला जड जात असेल त्यांना. तो जोडा तुम्ही मला कधी दिलात?"