बाबांच्या उशाशी उंदीर

बाबा दांडीच्या किनाऱ्यावर होडी लावून घरी आले की पाटीतला पहिला बोंबील आमच्या मांजरीला, चंपीला मिळायचा. आईच्या टोपात मासळी पडायची ती त्यानंतर. आई चिडायची, पण बाबांनी ही रीत कधी मोडली नाही.

मग त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. होडी विकली. घरात मासळी यायची थांबली, तशी चंपी त्यांच्या उशाशी मेलेले उंदीर आणून ठेवू लागली. बोईसरला कामावर जायच्या घाईत रोजची ही घाण! मी शिव्या घालत उंदीर शेपटीला धरून बाहेर फेकायची.

"नको गो ओरडू तिला," आई म्हणायची. "तिला वाटतं हे उपाशी हायत."

परवा चंपीने अर्धमेला उंदीर आणला आणि बाबांच्या उजव्या हातापुढे सोडला. पिल्लांना शिकार शिकवताना ती असंच करायची. उंदीर लंगडत त्यांच्या बोटांवर चढला. मी झाडू उचलला, तर आईने माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही दोघी त्या बोटांकडे बघत राहिलो. बाबाही तिथेच बघत होते.

बोटं हलली नाहीत. उंदीर कपाटाखाली गेला. चंपीने त्याला ओढून काढलं, बाबांकडे एकदा पाहिलं आणि दारात बसून स्वतःच खाऊन टाकला.

आता सकाळी उशाशी काही नसतं. तरी मी झाडू घेऊन आधी तिथेच जाते.