नाव न घेता

पाळकसाहेबांचा उपदेश शुक्रवारीच तयार असायचा. शनिवारी फक्त उदाहरण शोधायचं राहायचं. वचन, त्याचा अर्थ, त्यातली शिकवण हे सगळं त्यांच्या हातचा मळ होतं. पण चांगलं उदाहरण नसलं तर मंडळी जांभया देते, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शनिवारी दुपारी ते अभ्यासिकेत येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलत राहायचे. शेजारच्या खोलीत पाळकीणबाई त्यांच्या झग्याला इस्त्री करता करता भिंतीपलीकडून सगळा उपदेश ऐकायच्या. रविवारी त्यांना तो शिळा वाटायचा, पण पहिल्या बाकावर बसून चेहरा ताजा ठेवावा लागायचा. पाळकाच्या बायकोला पगार नसतो, हजेरी मात्र असते.

त्या शनिवारी पाळकीणबाई सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. उदाहरण त्यांनी आधी ऐकलं असतं, तर ही गोष्ट तिथेच मिटली असती.

रविवारचा विषय क्षमा. उपदेश मध्यावर आला आणि मागच्या बाकांवरची कुजबुज सुरू झाली, तेव्हा पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. आवाज खाली आला की मंडळी पुढे झुकते, ही त्यांची जुनी युक्ती.

"आपल्यातच एक बहीण आहे," ते म्हणाले. "मी नाव घेत नाही. आजारी सासूची तिनं वर्षानुवर्षं सेवा केली. सगळे म्हणायचे, सून असावी तर अशी. पण प्रियजनहो, हातांनी ती सासूचं अंग पुसत होती आणि मनात म्हणत होती, प्रभू, आता हिला ने. एका पहाटे प्रभूनं नेलं. तेव्हापासून त्या बहिणीच्या डोळ्याला डोळा नाही. मी विचारतो, अशा बहिणीलाही क्षमा आहे की नाही?"

क्षमा होतीच. पण तेवढं ऐकायला कोण थांबलंय. सगळ्यांच्या माना चौथ्या बाकाकडे वळल्या होत्या. तिथे मंडळीतल्यांचे कपडे शिवणारी शिंपीण बसली होती, तिच्या शेजारी तिचा नवरा, आणि पुढच्या बाकावर तिच्या तिघी नणंदा. सासूला मातीआड करून अजून पुरता हंगाम उलटला नव्हता. शिंपिणीनं गीतांचं पुस्तक उघडलं आणि भलत्याच पानाकडे बघत बसली.

दुपारी जेवताना पाळकीणबाईंनी विचारलं, "ती शिंपीण होती ना?"

"मी नाव घेतलं नाही."

"घ्यायची गरजच काय होती? सासू नुकतीच गेलेली मंडळीत दुसरी कोण आहे? माझीही सासू अंथरुणावर आहे, पण ती जिवंत आहे, म्हणून माझ्यावर संशय आला नाही. ती तुमच्याकडे रडत आली होती. दार लावून बोलली होती."

"अगं, तिच्या अनुभवाच्या साक्षीनं किती जणांना आधार मिळाला असेल. दाराशी तिघं माझा हात धरून रडले."

"ती रडली का?"

पाळकसाहेबांनी ताटात पुन्हा वरण वाढून घेतलं. ते दुष्ट नव्हते. कुणाच्या घरी आजारपण असलं तर भर उन्हात चालत जाणारा माणूस. पण लोकांचं दुःख ऐकता ऐकता त्यातलं कोणतं रविवारी कामाला येईल, हे त्यांचं मन आपोआप बाजूला काढून ठेवायला लागलं होतं. सुताराला झाड बघून फळ्या दिसाव्यात, तसं त्यांचं झालं होतं.

शिंपीण पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नणंदांनी भावाच्या घरी येणं सोडलं, आणि घरातल्या घरात नवरा-बायकोचं बोलणं तुटल्याचं कानावर आलं. मग पाळकसाहेबांनी सूचना वाचून दाखवताना, गायनाच्या सरावाची वेळ आणि गळक्या छपराची दुरुस्ती यांच्या मधोमध, एक वाक्य टाकलं. माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असल्यास मी दिलगीर आहे.

"'असल्यास' कशाला?" घरी आल्यावर पाळकीणबाई म्हणाल्या. "दुखावलंय. आणि 'कुणाचं' कशाला? तुम्हाला माहितीये कुणाचं."

पाळकसाहेबांना ते लागलं. त्यांनी विषय मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या बैठकीत काढला. मंडळीचे प्रमुख वडील म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि तेही सगळ्यांना अजून विद्यार्थीच समजायचे. मास्तर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता, पाळकसाहेब? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाळक असा एकेकाच्या दारात माफी मागत फिरायला लागला तर पदाचा मान काय राहिला? फारच वाटत असेल तर नम्रतेवर एक उपदेश करा."

दुखण्यावर दुखणंच औषध म्हणून दिलं जातंय, हे त्या बैठकीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाळकसाहेबांना तर सल्ला मनापासून पटला. सगळ्यांसमोर चूक केली, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी, असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि ते ऐकायला रास्तच वाटत होतं. पाळकीणबाई स्वतः शिंपिणीच्या घरी गेल्या. शिंपीण मशीनवर कॉयरचे, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचे, झगे शिवत होती. ते काम तिनं सोडलं नव्हतं.

"एवढ्या रविवारी ये," पाळकीणबाई म्हणाल्या. "ते माफी मागणार आहेत."

"मला माफी नको, बाई. मला फक्त लोकांनी विसरायला हवंय."

"माझ्यासाठी ये."

शिंपिणीनं दोरा दातानं तोडला. "तुम्ही म्हणता म्हणून येते," ती म्हणाली.

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाळकसाहेब व्यासपीठावर चढलेच नाहीत. खाली वेदीसमोर उभे राहिले आणि बोलता बोलता गुडघ्यांवर आले. मी गर्विष्ठ झालो, म्हणाले. एका बहिणीनं विश्वासानं माझ्याजवळ मन मोकळं केलं आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. मग काय मांडलं, तेही त्यांनी सांगितलं, कारण त्याशिवाय चुकीचं वजन मंडळीला कळलं नसतं. सासूचं अंग पुसणारे हात आले, मनातली प्रार्थना आली, पहाट आली. आवाजही पुन्हा तसाच खाली आला. माणसं रडत होती. पाळकीणबाईंनी पहिल्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बहिणी, उभी राहा," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी चौथ्या बाकाकडे हात केला. "सर्वांसमोर तुला विचारतो. मला क्षमा करशील?"

सगळं चर्च तिच्याकडे वळलं. शिंपीण उभी राहिली. एवढ्या माणसांसमोर, गुडघ्यांवर बसलेल्या पाळकाला कोण नाही म्हणेल? ती म्हणाली, "हो." कुणीतरी स्तोत्र सुरू केलं. बाहेर दाराशी मास्तर जो भेटेल त्याला सांगत होते की असा नम्र पाळक लाभायला भाग्य लागतं.

घरी आल्यावर पाळकसाहेब खुर्चीत टेकले. चेहरा थकलेला, पण समाधानी. "हलकं वाटतंय," ते म्हणाले.

"तुम्हाला वाटणारच. सगळा भार तिच्या डोक्यावर ठेवून आलात." पाळकीणबाई म्हणाल्या. "क्षमा मागितलीत की वसूल केलीत? आधी निदान नाव तरी घेतलं नव्हतं, आज उभंच केलंत तिला. आणि मी तिला बोलावून आणली. माझ्या जिभेला हाड नाही."

दोन दिवसांनी कॉयरचे झगे आले. नीट घडी घातलेले, एकाची बाही नुसतीच टाचलेली. आणणारी शेजारीण म्हणाली, शिंपीण मशीन घेऊन भावाच्या गावी गेली. परत येणार का, ते काही बोलली नाही.

पाळकसाहेबांनी टाचलेल्या बाहीवरून बोट फिरवलं. मग अभ्यासिकेत गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचं पुटपुटणं सुरू झालं आणि पाळकीणबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काय करताय?"

"तिच्या नवऱ्याला भेटतो म्हणतो. काय बोलायचं ते..."

"तयारी करू नका. एकदा तरी तयारी न करता जा."

ते तसेच गेले, गळ्यातली पांढरी पट्टी टेबलावर ठेवून. शिंपिणीचा नवरा किल्ल्या बनवायचा. दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली अरुंद बोळकंडी. भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, पुढे फळी, फळीवर किल्ली आवळून धरणारा पकडशेगडा आणि पितळेचा भुसा. तो कानस चालवत होता. त्यानं वर पाहिलं आणि कानस तशीच चालू ठेवली. बसा म्हणाला नाही. बसायला जागाही नव्हती.

"मी चुकलो," पाळकसाहेब म्हणाले. "तिनं सांगितलेलं मी सांगायला नको होतं. एकदाही नको होतं, मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर मी चांगला दिसावा म्हणून सांगितलं."

किल्लीवाल्यानं किल्ली उजेडात धरली, फुंकर मारली, परत शेगड्यात बसवली.

"मीपण तेच मागत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"आईचं मरण. दुसरं काय? तिचे हाल बघवत नव्हते. चादर बदलायला दोघं लागायचो. बायको त्या बाजूला, मी या बाजूला, मधे आई. दोघं एकच मागत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो. आई गेल्यावर तोंडापर्यंत आलं होतं, पाळकसाहेब. आज बोलू, उद्या बोलू. आणि त्या रविवारी तुम्ही बोललात."

किल्लीवाल्यानं एका हातानं फळीवरचा भुसा बाजूला सारला.

"माझ्या बहिणी मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय करायला हवं होतं? तिचा हात धरायला हवा होता. मी काय केलं, सांगू? सगळे बघत होते, तसंच मीपण तिच्याकडे बघितलं. मला काही माहितीच नव्हतं, असं."

"मग नंतर तरी तिला..."

"सांगितलं ना. तुम्ही तिला उभं केलंत, त्या दिवशी घरी गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, माझी कीव करून खोटं बोलू नका. काय वाटेल ते केलं, तिला पटेना. आता जन्मभर पटणार नाही." त्यानं कानस खाली ठेवली. हात पितळी भुशानं पिवळे झाले होते. "आधी मी बोललो असतो, तर पटलं असतं."

"मी तिच्याकडे जातो. मी तिला समजावून सांगतो, की तुम्ही खरंच..."

"हेपण तुम्हीच सांगणार?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी प्रश्न विचारला होता आणि पाळकसाहेबांपाशी एक वाक्यही नव्हतं. एक बाई किल्ली न्यायला आली; ती घेऊन गेली. मग किल्लीवाला म्हणाला, "हे कुणाला सांगू नका," आणि पुढची किल्ली शेगड्यात लावली.

घरी पाळकीणबाई वाट बघत होत्या. "काय म्हणाला?"

पाळकसाहेबांनी हात धुतले, सावकाश पुसले. "ते त्याचं आहे," ते म्हणाले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या बैठकीत मास्तरांनी खाकरून विचारलं, "तुम्ही त्याच्या दुकानात गेला होतात म्हणे. दिलजमाई झाली असेल, तर रविवारी चार शब्द बोला. मंडळीची उन्नती होईल."

"गेलो होतो. मी चुकलो असं सांगून आलो. बाकी सांगण्यासारखं काही नाही." मग पाळकसाहेब म्हणाले, "माझी एक विनंती आहे. काही महिने उपदेश दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि मी जे केलं, त्याचा जाब मला या बैठकीत विचारा. विचारायला हवा."

वडीलमंडळी चपापली. कुणी चष्मा पुसला, कुणी घड्याळाकडे बघितलं. मास्तर म्हणाले की पाळकसाहेबांची ही नम्रताच आपल्या सर्वांना धडा आहे, आणि पुढचा विषय घेतला. छप्पर अजून गळत होतं.

जाब बैठकीनं विचारला नाही, पण मंडळीनं आपल्या पद्धतीनं विचारला. लोक यायचे, बाप्तिस्म्याचा दाखला मागायचे, लग्नाची तारीख ठरवायचे, उभ्या उभ्या. बसा म्हटलं की म्हणायचे, नाही, घाईत आहे. अभ्यासिकेतल्या समोरच्या खुर्चीवर आधी डोळे पुसत बसणारी माणसं असायची. आता पाळकसाहेब तिच्यावर पुस्तकं ठेवायला लागले. उपदेश अजून त्यांच्याकडेच होता, पण त्यात उदाहरणं नसायची. मागच्या बाकांवर उघड जांभया चालायच्या.

इकडे सासूबाईंचं दुखणं वाढत गेलं. त्या कुणाला ओळखेनात. कूस बदलली की कण्हायच्या, नाही बदलली की पाठ सोलून निघायची. पाळकीणबाई एकट्याच सगळं करत. त्यांचे हात रात्रंदिवस ठणकत असायचे. एका संध्याकाळी त्या चादर ओढायला गेल्या तर समोरून दुसरे दोन हात आले. पाळकसाहेब पलंगाच्या त्या बाजूला उभे होते.

"सांग, कसं करायचं?"

"कमरेखाली हात घाला. अलगद. आता तुमच्याकडे वळवा."

म्हातारी कळवळली. पाळकसाहेबांनी आईला छातीशी धरलं आणि बाईंनी मळकी चादर काढून धुतलेली सरकवली. मधे आई, त्या बाजूला ते, या बाजूला ती. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. का आलं ते बाईंना कळलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"तुला फार होतं हे," ते म्हणाले. "मनात काही असेल तर बोल माझ्याजवळ. माझ्यापाशीच राहील."

ते खरं बोलत होते. बाईंनाही ते समजत होतं. किल्लीवाल्याकडून आल्यापासून या माणसाच्या तोंडून परक्याचं एक अक्षर बाहेर पडलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि सांगण्यासारखं एक वाक्य होतं त्यांच्यापाशी. रोज याच वेळी, चादरीचा हाच कोपरा खोचताना मनात येणारं, आणि आलं की लाज वाटून गिळून टाकलेलं. आता ते अगदी ओठांशी आलं होतं.

पण शिंपिणीकडे माना वळल्या, त्या दोन्ही रविवारी त्या पहिल्याच बाकावर बसल्या होत्या.

त्यांनी कोपरा खोचला, त्यावरून हात फिरवला. "काही नाही हो," त्या म्हणाल्या. "ती उशी द्या इकडे."