डब्यातला रातांबा

माझी बायको निसा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओमानमध्ये, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या छपरावर एसीचं युनिट उघडून बसलो होतो. हात तेलाने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. गावाहून तिचा भाऊ नुमान बोलत होता. निसा भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेली होती. लग्न छान झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती जरा आडवी झाली आणि उठलीच नाही. नुमानने हे दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बरं. युनिट उघडं टाकून खाली उतरता येत नाही, म्हणून आधी सगळे स्क्रू परत लावले. मग उतरलो.

घरी येऊन बॅग भरली. एसीच्या नळीखालची बादली भरून वाहत होती. जाताना निसाने बजावलं होतं, रातांब्याला एसीचंच पाणी घाला, नळाचं घालू नका. म्हणून बादलीतलं पाणी रातांब्याला घातलं आणि विमानतळ गाठला. मी गावी पोचेपर्यंत दफन झालं होतं.

रातांबा म्हणजे कोकमाचं झाड. निसाने माहेरच्या परसातल्या झाडाच्या बिया रुमालात बांधून आणल्या होत्या. दुधाच्या पावडरीच्या मोठ्या डब्याला खालून भोकं पाडून त्यात लावल्या. एकच उगवली. सोहारच्या उन्हात रातांबा जगत नाही. हा जगला, कारण निसा त्याला सकाळी बाल्कनीत ठेवायची, ऊन चढलं की आत आणायची आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर. घरात आला की तो टीव्हीसमोर असायचा आणि मला मान वाकडी करून बातम्या बघाव्या लागायच्या.

रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ धरत नाही, आणि कोण काय आहे ते कळायला सात-आठ वर्षं जातात. निसा पहिल्या दिवसापासून सांगायची, ही मुलगी आहे.

"आणि मुलगा निघाला तर?" मी विचारायचो.

"उमामाचे अब्बा, गप्प बसा. ती ऐकते."

एकदा आम्ही खरीफमध्ये सलालाहला गेलो होतो. तिकडच्या पावसाळ्याला खरीफ म्हणतात. दोनच दिवस राहिलो. डोंगरावर धुकं, खाली नारळ, रस्त्याकडेला केळी आणि शहाळी विकायला टांगलेली. निसा गाडीतून उतरली, चपला काढल्या आणि गवतात उभी राहून म्हणाली, "हे तर आपलंच गाव. रातांबा इथे लावू या." तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेच. या झाडाला एकदा सलालाहला पोचवा, मग मी मोकळी.

यंदाच्या उन्हाळ्यात मी दिवसभर कामावर. आत-बाहेर करायला घरात कोणी नाही. जूनमध्ये रातांब्याच्या दोन पानांच्या कडा जळाल्या, जुलैत चार. तिची घरातली दुसरी कुठलीच वस्तू वाढत नव्हती. हे एकच वाढत होतं, आणि ते माझ्या हातून मरायला निघालं होतं.

तेवढ्यात उमामाचा फोन आला. उमामा माझी मुलगी. मस्कतला नोकरी करते, अल् घुब्राला मैत्रिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते.

"अब्बा, मी बुकिंग केलं. सलालाह. धबधब्यांचा वॉक. गाइड फक्त आपल्यासाठी, प्रायव्हेट. तुम्हाला तीस लोकांबरोबर चालायला नको."

"मला कुठे चालायचंय?"

"तुम्ही फक्त छपरावर चढता आणि घरी येता. नो डिस्कशन."

मी रातांब्याकडे बघितलं आणि म्हटलं, चल.

मस्कतला तिला घेतलं. गाडीत पायाशी डबा बघून ती म्हणाली, "हे का?"

"घरी पाणी घालायला कोण आहे?"

तिला ते पटलं. हजार किलोमीटर तिने डबा दोन पायांमध्ये धरला आणि वळणावर झाडाला सॉरी म्हणत गेली. वळणं फार नाहीत त्या रस्त्यावर. सगळं सपाट, पिवळं, उन्हात थरथरणारं. शेवटी थुमरैत ओलांडलं, डोंगर लागला आणि एकदम धुकं. मी एसी बंद करून काचा खाली केल्या. इथे राहिलो असतो तर माझा धंदा कधीच बसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाइड भेटला. त्याचं नाव मुसल्लम. तिथल्याच डोंगरातला. खाली लुंगी, पायात नवे कोरे पांढरे बूट, हातात काठी आणि या धुक्यात डोळ्यांवर काळा चष्मा. हिंदी फाडफाड बोलत होता. म्हणाला, लहानपणी घराशेजारी केरळवाल्याचं दुकान होतं, हिंदी त्याच्याकडून शिकलो. त्यामुळे त्याची हिंदी मल्याळीसारखी ऐकू यायची.

"सदीक, आज पाच धबधबे," तो मला म्हणाला. सदीक म्हणजे दोस्त. "पाचही नंबर वन."

मी खांद्याला निसाची बाजाराची कापडी पिशवी लावली होती. पिशवीत डबा, डब्यावर टॉवेल, खिशात मोठा स्क्रूड्रायव्हर. माती उकरायला दुसरं काही आणलं नव्हतं.

"पिशवीत काय?" उमामाने विचारलं.

"खायला."

पहिला धबधबा खरंच मोठा होता. पाणी कड्यावरून सरळ खाली, तुषार तोंडावर. मुसल्लमने आमचे इतके फोटो काढले की आम्हाला धबधबा बघायला वेळच मिळाला नाही. दुसराही बरा होता. तिसऱ्यापाशी तो थांबला आणि काठी उचलून म्हणाला, "नंबर थ्री!"

दगडाच्या फटीतून पाण्याची बारीक धार येत होती.

"हा धबधबा?" उमामा म्हणाली. "हे तर लीकेज आहे."

"एवढं पाणी माझ्या गिऱ्हाईकांचे एसी गाळतात," मी म्हटलं.

मुसल्लमने चष्मा काढला. "मॅडम, धबधब्याचा अपमान नको. तो ऐकतो."

मी हसलो आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. उमामाने माझ्याकडे बघितलं.

वाट चिखलाची होती. मुसल्लमचे पांढरे बूट विटेच्या रंगाचे झाले. मी दोन्ही बाजूंना नजर ठेवून होतो. चौथ्या धबधब्याच्या बाजूला मला हवी ती जागा दिसली. उंटाच्या नाकासारखा पुढे आलेला खडक, त्याच्याखाली ओल, काळी माती, गवत गुडघ्यापर्यंत. वरून पाणी झिरपत होतं. गावाला आमच्या विहिरीमागे अशीच जागा आहे.

"तुम्ही दोघं पुढे व्हा," मी म्हटलं. "मी जरा बसतो."

ते वळणाआड गेले तसा मी गुडघ्यावर बसलो आणि स्क्रूड्रायव्हरने उकरायला लागलो. माती छान भुसभुशीत होती. वीतभर झालं असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अब्बा?"

उमामा उभी होती. तिच्या मागे मुसल्लम. पिशवीतून टॉवेल सरकला होता आणि रातांबा बाहेर डोकावत होता.

"सीरियसली? अम्मीचं झाड तुम्ही इथे सोडणार होतात?"

"तिनेच सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलं! मी दर शुक्रवारी सोहारला कशासाठी येते? तुमची दालगोश्त खायला?"

"बरी असते की माझी दालगोश्त."

"अब्बा, ती वाईट असते."

मुसल्लमने आधी खड्डा बघितला, मग मला. "सदीक, खलास. हे राखीव जंगल आहे. इथे बाहेरचं झाड लावता येत नाही. माझं लायसन्स जाईल."

"मी कुणाला सांगणार नाही."

"सांगू नको. उंट सांगतील." तो खडकावर बसला. "आत्ता चिखल आहे म्हणून बरेच उंट खाली सपाटीवर नेलेत. पाऊस थांबला की सगळे वर येतील. तुझं झाड खातील, मग डबा खातील, मग ही पिशवी."

"मी कुंपण घालतो."

"आणि पाणी?"

मी हसलो. "पाणी? मुसल्लम, बघ जरा आजूबाजूला."

त्याने खिशातून फोन काढला, बोटाने सरकवत सरकवत एक फोटो शोधला आणि माझ्यासमोर धरला. सगळं तपकिरी. भेगा पडलेली जमीन, काट्याची झुडपं, एक हडकुळी गाय. मी म्हटलं, हे कुठलं? त्याने फोटो बोटांनी मोठा केला. मधोमध उंटाच्या नाकासारखा पुढे आलेला खडक होता.

"मे महिना," तो म्हणाला. "तुम्ही लोक खरीफमध्ये येता, चपला काढता, म्हणता आमचं गाव, आमचं गाव. केरळवाला पण म्हणायचा. हे तीन महिने असतं, सदीक. मग नऊ महिने असं."

मी फोटो बघितला, खडक बघितला, पुन्हा फोटो बघितला. निसाची चूक झाली होती. इतकी वर्षं ती ठामपणे सांगत आली आणि साफ चुकली होती. मला आधी हसू आलं. हे तिला कधी एकदा सांगतो असं झालं. ती कशी चिडली असती, आणि मग म्हणाली असती की फोटोच खोटा आहे. मी फोन परत दिला आणि उकरलेली माती हाताने खड्ड्यात लोटली. उमामा बाजूला बसून मदत करायला लागली. तिची नखं रंगवलेली होती.

"मग आता याचं काय करायचं?" ती म्हणाली. "सोहारला मरेल ते?"

"पानं जळतायत."

"मला का नाही सांगितलं?"

"तू अल् घुब्राला बसून काय करणार होतीस?"

"रडले असते ना, निदान."

मुसल्लम उठला, लुंगीचा चिखल झटकला. "यल्ला, चला. माझ्या आईची बाग आहे, खाली शहरात. विहीर आहे, नारळ आहेत, सावली आहे. उंट नाहीत, एक बकरी आहे. चालेल?"

"आणि पाचवा धबधबा?" उमामाने विचारलं.

"तो नंबर थ्रीपेक्षा लहान आहे."

बाग बघितल्यावर मला वाटलं, निसा अगदीच चुकली नव्हती. नारळ, केळी, पपया, मधून पाण्याचे पाट. मुसल्लमची आई वयस्कर, मोठ्या आवाजाची बाई. तिने डबा हातात घेतला, पानाला बोट लावलं आणि अरबीत विचारलं, फळ कसं असतं? मी सांगितलं, लाल, आंबट, माशाच्या कालवणात घालतात. तिने पुन्हा विचारलं, कधी धरतं? मी म्हटलं, मुलगी असेल तर आणखी तीन-चार वर्षांनी. मुलगा असेल तर कधीच नाही.

ती मोठ्याने हसली. मुसल्लमला पाठीवर चापट मारून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" उमामाने विचारलं.

"म्हणते, तिच्याकडे असे चार आहेत, पाचवा चालेल."

मुसल्लमने फावडं घेतलं आणि दोन नारळांच्या मधे चांगला खोल खड्डा केला. मी डबा उचलला. झाड डब्यातून काढायला पत्रा कापावा लागणार होता, आणि तेवढं काम मला डोळे मिटून येतं. मुसल्लमने कात्रीही आणून दिली. मी एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हाताने डबा धरला. डबा हलू नये म्हणून उमामाने दुसऱ्या बाजूने धरला. डब्यावर निसाने खिळ्याने ओरखडून तारीख लिहिली होती, लावल्याची. कात्री चालवायची तर तिथूनच चालवावी लागली असती. दुसरीकडून कापता आलं असतं म्हणा. मी डबा फिरवला नाही. उमामानेही सोडला नाही. आम्ही दोघं तसेच धरून उभे राहिलो.

"अब्बा, ऑक्टोबरला येऊ या?" ती म्हणाली. "मी सुट्टी काढते. तोपर्यंत माझ्याकडे ठेवते, आमच्या हॉलला ऊनच येत नाही."

"पाणी एसीचं घालायचं."

"माहितेय. नळाचं नाही."

मुसल्लमने आमच्याकडे बघितलं, फावडं नारळाला टेकवलं आणि म्हणाला, "खड्डा कुठे पळून जात नाही."

त्याच्या आईने आम्हाला शहाळी दिली. परतीच्या रस्त्यावर उमामाने डबा पुन्हा पायांत धरला. हैमाला चहा प्यायला थांबलो तेव्हा ती डबा घेऊनच खाली उतरली. उन्हात गाडीत ठेवायचा नाही म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये तिला सुट्टी मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे काम आलं, आणि खरं सांगायचं तर मी ते नाकारलंही नाही. आता मी दर शुक्रवारी अल् घुब्राला जातो. दालगोश्त घेऊन जातो. ती आणि तिची मैत्रीण खातात, वर मीठ मागतात. रातांब्याला वर दोन कोवळी पानं आली आहेत, लालसर. मैत्रिणीने विचारलं, हा मुलगा की मुलगी? उमामा म्हणाली, मुलगी.

मुसल्लम अधूनमधून खड्ड्याचा फोटो पाठवतो. एकदा त्यात पाणी साचलेलं होतं. एकदा बकरी आत बसली होती, मान बाहेर. परवाच्या फोटोत त्याच्या आईने कडेने दगड रचले होते आणि खाली मुसल्लमने लिहिलं होतं, सदीक, आई विचारते, मुलगी कधी येते?

मी लिहिलं, इन्शाल्ला, लवकर.

झाड अजून डब्यात आहे. लावायचं राहिलंय.